देवरावच्या इंजिनाचा पाय

देवरावले दोन गोष्टींचा मनस्वी राग यायचा. एक, डोंग्यात बसून रस्ता सांगणारी माणसं. अन् दुसरा नत्थुजी. त्यात नत्थुजी रोज डोंग्यात बसून रस्ताच सांगायचा, म्हणून सारा राग एकाच जागी जमा व्हायचा.

बार्शीटाकळीकडच्या त्या धरणात जुनं गाव बुडालं, नवं गाव अल्याड बसलं, अन् बऱ्याच लोकायची वावरं पल्याड राहून गेली. सडकेनं जायचं तर अख्ख्या धरणाले वळसा. म्हणून देवरावचा डोंगा. मासेमारीच्या संस्थेनं टाकून दिलेलं एक जुनं इंजिन त्यानं डोंग्याच्या मागं बसवलं होतं. सुगी झाली की ज्याची वावरं पल्याड, तो त्याले वर्षाचं धान्य द्यायचा. अन् धान्य देतो म्हटल्यावर डोंग्यात कोणी वल्ह्याले बोट लावायचा नाही.

बसल्या जागी रस्ता मात्र सारे सांगायचे, तोही बुडालेल्या गावाचा. "चावडीपासून डाव्या हातानं घे." "आता मारुतीच्या पाठीमागून." वर नुसतं पाणी, पण डोक्यात सगळ्या गल्ल्या शाबूत. दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा नत्थुजीनं फर्मावलं, "सरळ घे गा, माह्या आंगणातून." देवरावनं घेतलं. आंगणात आपल्याच विहिरीचा कठडा आहे, हे नत्थुजीले खाडकन आवाज झाल्यावर आठवलं.

इंजिनाचा जो भाग पाण्यात राहते, ज्याच्या टोकाले पंखा फिरते, त्याले देवराव पाय म्हणायचा. डोकं वाचलं, पाय मोडला.

कंपनीनं तसं इंजिन बनवणं कधीचंच सोडलेलं. नागपूरच्या एका भंगारवाल्यानं पाय धाडला, तो हातभर लांब निघाला. परत धाडला. दुसरा आला तो बसण्याजोगा होता, पण त्याच्या बदल्यात जुना पाय भंगारवाल्यानं ठेवून घेतला. तोवर माघ लागला होता, वल्हं मारून मारून देवरावच्या खांद्याचं लाकूड झालं होतं, अन् पल्याडचा हरभरा वाळला होता.

"हरभरा दवातच सोंगा लागते," नत्थुजीनं त्याले ऐकवलं. "ऊन चढलं का घाटे तडकतात, दाणे मातीत. तू वल्ह्यानं नेतं तवा ऊन डोक्यावर येते. उद्या इंजिन नसन तं मी ट्रॅक्टर सांगतो. अन् लोकायले एकदा ट्रॅक्टरची सवय लागली का तुह्या डोंग्यात कोंबड्या अंडी घालतीन."

ते खरं होतं, म्हणूनच देवरावले जास्त झोंबलं.

दुपारी त्यानं काठावरच्या लाकडी घोडीवर इंजिन टांगलं, अन् पाय घेऊन खाली उताणा निजला. आतल्या दांड्याचे दाते, गिअरची सळई अन् पाण्याची नळी, तिन्ही एकाच वक्ती आपापल्या भोकात जायला पाहिजे होती. वरचं चाक फिरवाले बायको उभी होती, पंचफुला.

"फिरव."

"कोणीकडं?"

"घड्याळासारखं."

"घरातलं घड्याळ तं बंद हाय."

"हळू वं. जातं ओढून राहिली काय?"

"मंग तुमी या वर, अन् मले निजू द्या खाली."

दाते लागले तर नळी सुटायची, नळी धरली तर सळई वाकडी. काठावर जमलेले लोक, ज्यायनं जन्मात इंजिन उघडलं नव्हतं, ते ठोका म्हणत होते. शेवटी पाय बसला. देवरावनं बोल्ट आवळले अन् तेल आणाले घराकडं निघाला.

"नवा पाय हाय," नत्थुजी म्हणाला. "नारळ फोडल्याबिगर पाण्यात घालतं काय?"

"करा पूजा. पण दोरीले हात नोका लावू. पाण्याबाहेर चालू करायचं नसते याले."

तेलाचा डबा घेऊन तो परतत होता, तर दुरूनच इंजिनाचा आवाज. देवराव पळाला. इंजिनाले हळद-कुंकू लागलेलं, बाया हात जोडून उभ्या, अन् उदबत्तीच्या वासात जळक्या रबराचा वास. ट्रॅक्टर असो का मोटरपंप, पूजा झाली की चालू करून पाहायचं, हा गावाचा रिवाज. नत्थुजीनं तो पाळला होता.

"एका झटक्यात चालू झालं," तो म्हणाला.

देवरावनं इंजिन बंद केलं. पायात एक रबरी फिरकी असते. ती पाणी ओढून इंजिन थंड ठेवते, अन् कोरडी फिरली की जळते. त्यानं पाय पुन्हा खोलला. तळहातावर काळा भुगा आला.

"दोन मिनिटं तं चालवलं," नत्थुजी म्हणाला.

"तुमाले दोन मिनिटं नुसता ठेचा चारतो, पाण्याचा घोट नाही. चालते?"

कोणीतरी हसलं. नत्थुजी नाही हसला. जुन्या पायातली फिरकी पायासंगंच भंगारवाल्याकडं गेली होती. नागपूरले फोन लावला, तर दुसरी यायले आठवडा लागणार होता.

"पहाटे कोंबड्याच्या बांगेले या," देवराव म्हणाला. "एक वल्हं माह्या हाती, एक तुमच्या."

"माह्या? मी धान्य देतो तुले."

"मंग सांगा ट्रॅक्टर. इंजिन कोणी जाळलं, तेबी सांगा ट्रॅक्टरवाल्याले."

"ते सांगाले आमी हावो ना," पंचफुला म्हणाली.

पहाटे बाया विळे घेऊन बसल्या. नत्थुजी धोतर खोचून वल्ह्यावर. पहिल्यांदा डोंगा गोल फिरला, कारण नत्थुजी ताल सोडून मारत होता. देवराव दात खाऊन म्हणत राहिला, "माह्यासंगं. माह्यासंगं मारा." धरणाच्या मधात दोघांचा मेळ बसला. नत्थुजीले धाप लागली होती. डावीकडं, उजवीकडं, काहीच सांगणं झालं नाही त्याच्यानं.

पल्याड उतरले तेव्हा घाट्यांवर दव होतं. बाया तासाले लागल्या, एकेकीनं एकेक ओळ धरली. त्यातल्या गंगूबाईनं ओळीतूनच मागं वळून विचारलं, "देवराव, उद्याबी याच वक्ती काय?"

"हो," देवराव म्हणाला, अन् नत्थुजीच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. "अन् उद्या तुमी उजवीकडं बसजा. डावीकडून लय पाणी उडवता."