अण्णांचा नापास लेख

मार्केटअण्णांचा लेख दुपारीच लिहून व्हायचा, पण कचेरीत यायचा दिवेलागणीला. मधल्या वेळात तो त्यांच्या स्वयंपाकघरात पास व्हायला गेलेला असे. लातूरच्या आमच्या दैनिकात अण्णा व्यापाराचं पान सांभाळत. बाजार समितीतल्या सौद्यापासून देशाच्या अर्थसंकल्पापर्यंत सगळं त्यांच्या सदरात यायचं, आणि त्यातली ओळ न् ओळ आधी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वाचून दाखवलेली असायची. काकू भाकरी थापता थापता ऐकायच्या. कुठं अडलं की म्हणायच्या, "थांबा. हे काय म्हणालात?" मग अण्णा मुकाट्यानं पेन काढायचे.

'चलनवाढ' हा शब्द एकदा असाच नापास झाला. त्याच्या जागी, मागच्या दिवाळीला जेवढ्या पैशात तेलाचा अख्खा डबा यायचा तेवढ्यात यंदा किती तेल येतं, हे छापून आलं. मी तेव्हा तिथं उपसंपादक होते. कॉमर्सची पदवी नुकतीच हातात पडलेली, त्यामुळे जरा मस्तीतच होते. मी म्हटलं, "अण्णा, बरोबर शब्द वापरला तर बिघडलं कुठं?" अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझ्या काकूला कळलं तर रेणापूरच्या आडतीवर बी कळतं. तुला कळून काय उपेग हाय?" मला चांगलाच राग आला होता.

त्यांचं दुसरं खूळ घराला महाग पडायचं. तेलावरचा कर वाढणार हे काकूंना आदल्या दिवशीच लेखातून कळायचं, पण पेपर लोकांच्या हातात पडेपर्यंत अण्णा त्यांना दुकानाची पायरी चढू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी काकू वाढीव भावानं डबा आणायच्या आणि दारापासूनच सुरू व्हायच्या, "जगाला शाणं करायलेत, घर गेलं उडत!" अण्णा हसायचे. आम्हाला सांगायचे, "बातमी आपल्याला आधी कळती ती वाचकासाठी. तिच्यावर आपण आधी हात मारायचा न्हाई."

आणि मग एका पतसंस्थेचं प्रकरण आलं. गावात तिचं मोठं नाव होतं. भाजीवाल्या बायांपासून आडत्यांपर्यंत सगळ्यांच्या ठेवी तिथं होत्या. काकूंचीही होती. अर्धापूरला त्यांच्या माहेरची केळीची बाग, तिच्यातला त्यांचा वाटा भावांनी विकून दिला होता, त्याचेच ते पैसे. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला, म्हातारपणी तरी आपलं म्हणावं असं अंगणाचं घर व्हावं, एवढीच काकूंची हौस होती.

संस्था आतून पोखरली आहे हे अण्णांच्या हाती लागलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्यांनी चार ठिकाणी खात्री केली आणि त्या दिवशी लेख कचेरीतच, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून लिहिला. मी विचारलं, "काकूंना ऐकवायचा नाही?"

"न्हाई. तेलाच्या डब्यापुरतं माझं ऐकायची ती. ह्याला ऐकायची न्हाई. आन् खरं सांगू का, मला बी तिला थांबवणं व्हायचं न्हाई." त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तूच वाच. कळतंय ना?"

मी वाचला. मला कळला. मी पान लावलं.

सकाळी पेपर आला तेव्हा अण्णांनी काकूंना सगळं सांगितलं आणि दोघं निघाले. तोवर व्यापारी, मास्तर, वकील यांची रांग चौकापर्यंत गेली होती. दोघं मुकाट्यानं शेवटी उभे राहिले. त्यांचा नंबर यायच्या आधीच शटर खाली आलं. भाजीवाल्या बाया रांगेत दिसल्याच नाहीत. पेपर वाचूनही लोक एवढे बेफिकीर कसे राहतात, असं आम्ही कचेरीत चहा पिता पिता बोललो.

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात अण्णा नेहमीसारखे कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर काकूंनी मिक्सर लावला. "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच म्हणाल्या. नंतर कधीच ऐकलं नाही. अण्णांचं सदर काही महिने रखडत चाललं. त्याच लेखाला कुठलासा पुरस्कार जाहीर झाला, तर अण्णा घ्यायलाही गेले नाहीत. "नापास लेख हाय तो," म्हणाले. आम्हाला तो विनय वाटला. एकदा मात्र चहा घेता घेता म्हणाले, "ठेव गेली त्याचं सोसंल गं. ती ऐकंना, हे सोसंना झालंय." डोळे भरून आले होते त्यांचे. पुढं लातूर सोडून दोघं नांदेडला मुलाकडं राहायला गेले.

यंदा अण्णा गेले. मी भेटायला नांदेडला गेले तेव्हा काकू मुलाच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्या म्हणाल्या, "तो लेख हाय का गं तुझ्याकडं? मी ऐकलाच न्हाई कधी."

माझ्या फोनमध्ये त्या पानाचा फोटो होता. मी वाचायला लागले. 'संस्थेची तरलता चिंताजनक पातळीवर आली असून अनुत्पादक कर्जांचे प्रमाण...'

"थांब," काकू म्हणाल्या. "तरलता म्हंजी काय?"

मी म्हटलं, "म्हणजे... लोक आपले पैसे मागायला गेले तर द्यायला संस्थेकडं पैसाच नाही."

काकू खिडकीकडून माझ्याकडं वळल्या. "मग तसं कुठं लिवलंय? हे तर मलाच कळंना. त्या भाजीवाल्या बायांला काय कळलं आसंल?" पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. अण्णा गेल्याच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. अण्णा कशाला नापास म्हणत होते ते मला तेव्हा समजलं. कॉमर्सच्या पदवीनं त्या संध्याकाळी काय केलं तेही समजलं.

मी फोन बाजूला ठेवत होते, तर काकूंनी माझा हात धरला.

"ठिवू नको. पहिल्यापासून वाच. मी सांगते कुठं बदलायचं ते."