माशांचा दिवस लांबवणारे साडू

टाकीतला मासा आईबापांच्या गुणाने वाढतो की उजेडाने, याचा उलगडा करावा म्हणून मी हे लिहायला घेतले. पण हा प्रश्न काढला की माझ्या साडूंविषयीच बोलावे लागते, कारण सूर्यास्त मान्य नसलेले ते उमरोळीतले एकमेव गृहस्थ आहेत.

बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात सिमेंटच्या दोन टाक्या बांधल्या आणि तिलापिया पाळायचे ठरवले. बोटुकल्यांची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, चौकशी त्यांनी मुलीसाठी स्थळ पाहावे तशी केली. आई केवढी होती, बाप कुठल्या तळ्यातला, हे ते विचारत राहिले, तेव्हा विकणारा पिशवीला गाठ मारता मारता म्हणाला, "काका, तुमी मासे नेता का सोयरीक जुळवता?" ही सवय पुढे माणसांपर्यंत पोचली. मासवणच्या एका लग्नात नवरदेवाला न्याहाळून ते मंडपातच म्हणाले, "आजोळावर गेला, म्हणून उंचीत चार बोटं कमी पडली." आजोळची मंडळी मागच्याच रांगेत होती. उजेडाचेही तसेच. दिवस लांबला तर मासा अधिक खातो आणि वाढतो, असे त्यांनी कुठेसे वाचले होते; त्यामुळे दिवस मावळला की एका टाकीवर दिवा लागे, आणि तिथे उभ्या पाहुण्याला "सावली पडते, जरा सरका" असे ऐकावे लागे.

पहिल्या खेपेस त्यांनी निवडक वाणाची पिल्ले दिव्याखाली सोडली आणि साधी पिल्ले बिनदिव्याच्या टाकीत. मी जन्मभर विज्ञान शिकवले, म्हटले, "दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर श्रेय कोणाला देणार?" ते दुखावले. "चांगल्या घरच्यांना अंधारात कसं ठेवणार, गुरुजी?"

दुसऱ्या खेपेस दोन्हीकडे एकच वाण सोडला. मेव्हणीने मात्र बजावले, "या टायमाला फरक दिसला नाय, तर टाक्या फोडून मी मोगरा लावणार." त्या टाक्यांखेरीज साडूंच्या दिवसात दुसरे काही उरले नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

मासे काढले, तेव्हा दिव्याखालचे उघडच मोठे निघाले. "राहू द्या तुमच्या टाक्या," मेव्हणी म्हणाली. मी निःश्वास सोडला. पण साडू मान हलवू लागले. "तसं नाय. दिव्यावर किडे येतात, पाण्यात पडतात, ते हे खातात. वाढले ते उजेडानं का किड्यांनी, आपल्याला ठाऊक नाय." गप्प बसा म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होतो.

"मंग दोन्हीवर जाळी बांदा नि परत करा," मेव्हणी हळूच म्हणाली. "मोगरा काय, पुढच्या वर्सी लावू."

ती खेप आता चालू आहे. संध्याकाळी दोघे टाकीच्या काठावर बसतात. किडे जाळीवर आपटतात, खाली मासे फिरतात, आणि दोघांपैकी कोणालाच निकालाची घाई दिसत नाही. उत्तर मलाही अजून मिळालेले नाही. ज्यांच्याकडे दोन टाक्या असतील, त्यांनी एकच वाण, सारखे खाद्य आणि दोन्हींवर बारीक जाळी ठेवून दिवा फक्त एकीवर लावावा. मग दिवा सारखा ठेवून वाण बदलावा, आणि काय दिसते ते स्वतः पडताळून पाहावे.