मकबूल दाजींची सुई

दुपारची जोहरची नमाज पढून बाबालाल तांबोळी खाटेवर आडवा होतो. अकरावा रोजा. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडतंय. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, पण गडी खूश! सकाळीच सगळी गल्ली गाठून सांगून आलाय, "रोजा म्हंजे फुकटचा दवाखाना! चार किलो उतरलो. शुगर तर पळूनच गेली असंल!" डोळे मिटतात न मिटतात तोच—

"हात वर कर."

खाटेची शिंप्याची फळी झालीय. समोर गळ्यात टेप टाकून मकबूल दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे मालक. दोन वर्षांमागं रमजानातच गेले. बाबालालला काही नवल वाटत नाही. तो हात वर करतो.

दाजी कमरेला टेप लावतात. "तीन इंच कमी. झालायस खरा बारीक."

"बघा! रोज्यानं तब्येत बनते, दाजी."

"धडधाकट माणसाची बनते, गाढवा. पोटाला आराम, जिभेला लगाम. माझंबी पित्त पळालं होतं, शुगर लागायच्या आधी. पण तू शुगरची गोळी खाऊन दिवसभर उपाशी! डॉक्टरला विचारलंस का गल्लीला?"

दाजी तरातरा दुकानाची पायरी उतरतात, ती थेट मशिदीच्या हौदात. काठावर माणसं नमाजाआधी हातपाय धुवत, वजू करता करता म्हणतायत, "काय नशीबवान मकबूल! रोज्यात गेला!"

"नशीबवान?" दाजी भडकतात. "शिलाई मशीनवर तोंड आपटून पडलो! दोन दात गेले! तासभर चक्कर येत होती. शुगर बघायचं यंत्र खिशात, आन् मी बसलो, बोट टोचलं तर रोजा तुटंल म्हणून! कुणी घातलं होतं ते डोक्यात? बोल की!"

बाबालाल पाण्यात बघतो. त्यानंच घातलं होतं. कपडे शिवणारा माणूस आणि स्वतःच्या बोटाला सुई म्हटली की पांढराफटक! म्हणून चिडवलं होतं चारचौघांत, 'टोचू नका दाजी, रोजा तुटंल!'

"गंमत केली हो, दाजी."

"तुझी गंमत, माझी मय्यत! आन् आता स्वतःच ते खरं धरून बसलास? थेंबभर रक्तानं रोजा तुटत न्हाई, इमामसाबला विचार. आजाऱ्याला अल्लानं सूट दिलीया. तो देतोय आन् तू घेत न्हाईस! लई मोठा लागून गेलास!"

हौद आटतो. पुन्हा फळी, पुन्हा टेप.

"बोट दे."

"दाजी, माफ करा—"

"माफी बहिणीकडं माग. एका बाईला विधवा करून इद्दतीत बसवलंस, आता तुझ्या रशिदाला बसवतोस?"

खच्चकन सुई.

बाबालाल ओरडत उठतो. खोली गरगर फिरतेय, जीभ कोरडीठाक. "रशिदे! साखरपाणी आण! पळ!"

बायको दारात थबकते. "अवो, तिसऱ्या प्रहरची असरची अजानबी व्हायचीय अजून. रोजा?"

"तोडला! आण म्हणतो न्हवं!"

ती आणते. दोन्ही हातांनी पेला धरून तो घटाघटा पितो. दुसरा पितो. खोली हळूहळू जागेवर येते.

"आपाला फोन लाव," तो म्हणतो. "मला बहिणीशी बोलायचंय."

रशिदा पेला उचलते आणि उजेडात धरते. "हे काय वो?"

स्टीलवर बोटाचा ठसा. लालभडक, अजून ओला.