माझ्या ओळखपत्रावरचा रक्तगट

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी क्षमा असावी. भिलाईच्या पोलाद कारखान्यात मी आयुष्यभर फक्त अहवाल लिहिले — आणि हे तर कुणाला बोलूनही दाखवलेले नाही. पत्नीलाही नाही.

मला सुईची भीती वाटते. हसलात ना? हसा. नोकरीला लागलो तेव्हा ओळखपत्रासाठी रक्तगट तपासायचा होता. मी गेलोच नाही. कार्यालयातल्या बोरकरबाबूंना थोरल्या भावाचा गट सांगून मोकळा झालो. सख्खे भाऊ, म्हणजे रक्त एकच — असे या अभियंत्याचे शास्त्र. भाऊ निगेटिव्ह होता.

पुढे लग्न झाले. पत्नीही निगेटिव्ह. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला, तेव्हा डॉक्टरबाईंनी माझा गट विचारला. मी ओळखपत्र पुढे केले. दोघेही निगेटिव्ह, म्हणून नवरा पॉझिटिव्ह असला की पुढच्या बाळासाठी तिला द्यायचे इंजेक्शन दिलेच नाही. त्या क्षणी मी बोलू शकलो असतो — पण मग माझे रक्त काढले असते.

दुसऱ्या खेपेला तिच्या रक्तात बाळाच्या रक्ताशी वैर धरणारी प्रतिपिंडे सापडली. बाईंनी माझे काही न ऐकता माझे रक्त तपासले. पॉझिटिव्ह. मग दर आठवड्याला सोनोग्राफी — बाळाच्या मेंदूतल्या धमनीत रक्त किती वेगाने वाहते ते पाहायचे. बाळाचे रक्त कमी झाले, पातळ झाले, की ते धावू लागते. एके दिवशी ते धावले. रायपूरला नेऊन, पोटातल्या बाळालाच नाळेतून रक्त चढवले. बाहेर मी — जाऊ द्या. सुई तिला टोचत होते, मला नव्हे.

मुलगी सुखरूप जन्मली. आता कॉलेजात आहे, रक्तदान करून येते आणि मला चिडवते, "बाबा, चलता का? बिस्किटं फुकट भेटतात."

पण खरी कबुली याच्या पुढे आहे. गट चुकला कसा, असे पत्नीने विचारले, तेव्हा मी म्हणालो — ऑफिसने चुकीचा छापला. बोरकरबाबू बारशाला पेढे घेऊन आले. "वहिनी, माह्याच हातून झालं असन. माफ करा जी." ती म्हणाली, "भाऊजी, आता पोरीचं नाव तरी बरोबर लिहा." सगळे हसले. मीही हसलो. अजून दर वाढदिवसाला तोच विनोद होतो, आणि ते निमूटपणे कान पकडतात.

शनिवारी ते निवृत्त होत आहेत. निरोपाचे भाषण माझ्याकडे आहे; पत्नी पहिल्या रांगेत असेल. खरे सांगायचे, हे ठरले आहे. तुम्ही आधी कुणाला सांगितले असते — तिला, की त्यांना?