बारवेत बुडवलेले देव

आमच्या गावात दर रविवारी सकाळी नागरिक मंचाची बैठक भरायची. मठाच्या सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या असायच्या आणि पुढे अध्यक्षांची खुर्ची. गाव तालुक्याचं, लातूर आणि नांदेडच्या मधलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, आणि त्याच वर्षी आमचा तालुका नवा जिल्हा होणार अशी हवा उठली होती. मंच निघाला होता पाण्यासाठी. पण पाण्याचा विषय काढला की कुणाला तरी काम करावं लागतं. जिल्ह्याच्या विषयात तसली कटकट नाही. त्यामुळे तिथे दोनच गोष्टी चालायच्या, जुन्या आठवणी आणि नवा जिल्हा. मला दोन्हींचा वीट आला होता. तरी जायचे, कारण शेजारची मावशी पाण्याच्या आशेनं जायची आणि तिला पुरुषांच्या बैठकीत एकटीनं बसायचा संकोच वाटायचा.

मावशीचं घर आमच्याच बोळात, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीला, बारवेला लागून. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. टँकर बोळात शिरत नसे. चौकात नळी सोडली की धट्टीकट्टी माणसं घागरी भरून मोकळी व्हायची आणि मावशीच्या वाट्याला चिखल यायचा. अंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे, आणि अंघोळीलाच पाणी नाही. मुलगा फोनवर सांगत होता की सोय होत नसेल तर घराला कुलूप लावून घेऊन जातो. "तिथं तिसऱ्या मजल्यावर म्या कुणासंगं बोलू?" ती मला विचारायची. तिला जायचं नव्हतं.

खरं तर बारवेच्या तळाशी पाणी होतं. तेच नडलं. आपल्याकडे देवाची तसबीर तडकली, मूर्तीचा हात मोडला, की ते कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. त्या साली नदी आटलेली, तलाव आटलेला. गावात पाणी दिसत होतं ते आमच्या बारवेत. मग सगळं गाव आपापले जुने देव पिशवीत घालून तिथे यायला लागलं. पायरीवर उभं राहायचं, हात जोडायचे, पिशवीसकट फेकून द्यायचं. वर हिरवट साय, तिच्यात कुजलेले हार, शेंडीसकट नारळ, भिजून फुगलेली कॅलेंडरं, आणि मधूनच एखाद्या गणपतीची सोंड. दुपारी ऊन चढलं की वास मावशीच्या स्वयंपाकघरात यायचा. मी तिच्याकडे जेवायला बसले की मला घास गिळवत नसे.

एका रविवारी एका निवृत्त गुरुजींनी बारवेचीच आठवण काढली. "काय पाणी व्हतं हो. लई गोड. आमी लहानपणी वरून उड्या मारायचो," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. माना डोलल्या. मला त्यांचे डोळे बघवेनात, कारण आदल्याच आठवड्यात त्यांच्या सूनबाई पिशवी घेऊन आमच्या दारावरून गेल्या होत्या.

तेवढ्यात मावशी उठली. पदर सारखा करून म्हणाली, "चार-सहा जण या. एक सकाळ लागंल. आतलं काढू, गाळ काढू. न्हाईतर मला गाव सोडावं लागतंय."

अध्यक्ष आडत दुकानाचे मालक. ते खाकरून म्हणाले, "मावशी, तुमचं दुखणं कळतंय आमाला. पण विसर्जन केलेले देव वर काढीत नसतेत. पाप लागतं. जिल्हा झाला की मोठी योजना येणार हाय, तवा बघू."

टाकताना पाप नाही, काढताना पाप. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी बादली, दोर आणि भाताचं उलथणं घेऊन उतरलो. नाकाला पदर बांधला होता. काचा बोटांत घुसत होत्या. मावशी प्रत्येक तसबीर पुसून पायरीवर उभी करून ठेवत होती, आणि मी हारांचा लगदा ओढून काढत होते. उन्हं येईपर्यंत अर्धी बारव मोकळी झाली आणि खालचं काळंभोर पाणी दिसायला लागलं. मावशीनं ओंजळीत घेतलं, वास घेतला. "निवळंल," म्हणाली. त्या वर्षात तेवढ्या एकाच वेळी ती मला खुश दिसली.

मग माणसं आली. एरवी या बोळात कुणी फिरकत नाही, पण देव वर काढल्याची बातमी चौकात पोचली होती. अध्यक्ष आले, गुरुजी आले. "हे काय करायलात तुमी?" कुणीतरी हळदीकुंकू आणलं, कुणी उदबत्ती लावली. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी पायरीवरच्या एकेका तसबिरीला कुंकू लावलं, आरती म्हटली, आणि सगळं परत आत टाकलं. कुंकवाच्या पुड्या, उदबत्तीचं खोकं, हारांचा लगदा, सगळं. जाताना आपापले हात मात्र त्यांनी मावशीच्या दारातल्या कळशीतलं पाणी घेऊन धुतले. मला त्यांची शिसारी आली. मी बोलले, पुष्कळ बोलले, पण ते बोळाबाहेर चालत राहिले. मावशीनं रिकामी कळशी उचलून घरात नेली आणि मुलाला फोन लावला.

मुलगा गाडी घेऊन आला. कुलूप लागलं.

पुढच्या बैठकीला मी एकटीच गेले. का गेले, मला सांगता येणार नाही, बहुतेक भांडायला. विषय नव्या जिल्ह्याच्या स्वागतकमानीचा होता. त्याआधी नेहमीप्रमाणे आठवणी. गुरुजी उभे राहिले. "आपल्या बारवेपाशी एक मावशी राहायच्या," ते म्हणाले. "आमी शाळा शिकवून दमून आलो की त्या थंडगार पाण्यानं तांब्या भरून द्यायच्या. आता तशी माणसं न्हाईत राहिली." त्यांचे डोळे पुन्हा भरले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून अगदी आदरानं म्हणाले, "बाई, तुमी शेजारी व्हता. दोन शब्द तुमीबी बोला."

"ती जिती हाय," मी म्हणाले. "पुण्यात बसलीय. पाणी द्या, उद्या परत येती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आठवण सांगितल्यावर वाजवायचे तशाच, आणि कमानीचा विषय सुरू झाला.