सरहद्दीपलीकडचं भुंकणं

हिल्का तुरुनेनने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढलं आणि उरलेला जीव कुत्र्यांना लावला. रशियाच्या सरहद्दीलगतच्या त्या गावच्या शिकारी मंडळात ती एकटीच बाई. आधी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण हिल्काच्या कुत्र्याने एल्क, म्हणजे घोड्याएवढा हरीण, अडवला, की ती येईपर्यंत तो जागचा हलत नाही, हे दिसल्यावर त्यांची तोंडं बंद झाली. तिने शिकवलंच तसं होतं: तू भुंकत राहा, मी येतेच.

त्या ऑक्टोबरात तिची चार वर्षांची करडी कुत्री, तुइस्कू, सकाळी सातला एका थोराड एल्कच्या मागे सुटली. हिल्का फोनवर नकाशा बघत चालली होती. तुइस्कूच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याचा लाल ठिपका पूर्वेला सरकत होता. दलदल ओलांडली, ओढा ओलांडला आणि ठिपका सरहद्दीची रेघही ओलांडून गेला.

"आता गं?" मंडळाचा म्होरक्या वेइयो म्हणाला.

हिल्काने शिट्टी वाजवली, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. ठिपका दीड किलोमीटरवर रशियात थांबला. तिने पट्ट्याला फोन लावला. त्यातून पलीकडचं ऐकू येई, इकडचा आवाज मात्र तिकडे जात नसे. तुइस्कू भुंकत होती, दमदार, एका लयीत. एल्क अडवला होता.

तासाभरात सरहद्दीवरचा पहारेकरी अन्सी आला.

"मला जाऊ दे," हिल्का म्हणाली. "नुसती जाते, पट्टा धरते, येते."

"नाही जमायचं, हिल्का."

"तुला सूप दोनदा वाढायची मी."

"तीनदा," अन्सी खाली बघत म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, जाऊ नकोस. तिकडे तुला धरलं, तर मी काही करू शकणार नाही. कळवलंय त्यांना."

"मग काय म्हणाले?"

"अजून काहीच नाही."

दुपारपर्यंत भुंकण्यात खंड पडू लागला. तुइस्कू मध्येच थांबे. त्या थांबण्याचा अर्थ हिल्काला पुरता ठाऊक होता: कुत्री तिच्या पावलांची चाहूल घेत होती.

"सारखं ऐकू नकोस," वेइयो म्हणाला, "पट्ट्याची बॅटरी उतरतेय. अकरा टक्के राहिलीय."

तिने फोन खिशात टाकला. दहा मिनिटांनी पुन्हा काढला.

साडेतीनला भुंकणं बंद झालं. ठिपका ईशान्येला निघाला, आणखी आत. मग तो नकाशावर एका तळ्याकाठी तसाच राहिला. कुत्री थांबली होती की पट्टा बंद पडला होता, हे कोणालाच सांगता येईना.

वासाचा माग काढत कुत्री परत येईल म्हणून हिल्काने अंगातलं जाकीट सरहद्दीच्या अलीकडे एका खोडावर पसरलं. सलग नऊ दिवस रोज सकाळी ती तिथे जाऊन बसली. दहाव्या दिवशी बर्फ पडलं आणि सगळे माग झाकले गेले.

डिसेंबरात अन्सीचा फोन आला. पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं होतं: कुत्रा आढळला नाही.

"शोधला होता का पण?"

"ते लिहिलेलं नाही, हिल्का."

पुढच्या वर्षी वेइयोच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं एक कोटात घालून तो तिच्याकडे आला. हिल्काने पिल्लाला मांडीवर घेतलं, त्याचे कान चोळले, दूध पाजलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "याला काय शिकवायचं, तेच मला आता कळत नाही."