सीटखालचा पासंग

माझं वजन सात किलोंनी कमी पडतं, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विमानातल्या एका पितळी पट्टीनं सांगितलं. पुढच्या सीटसमोर, उंची आणि वेग दाखवणाऱ्या तबकड्यांच्या खाली ती ठोकलेली होती. एकट्यानं उडणाऱ्या माणसाचं वजन कमीत कमी किती असावं, एवढंच तिच्यावर कोरलेलं होतं. वर्षभर मी तिच्यासमोर बसले, पण मागच्या सीटवर नेहमी शिकवणारे सर असायचे. दोघांच्या वजनात विमानाचा तोल बसायचा. पट्टीकडे बघायची वेळच आली नव्हती.

विमान म्हणजे ग्लायडर. त्याला इंजिन नसतं. हडपसरला चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, तरी मधे गवताचं एक मोठं मैदान शिल्लक आहे, तिथं आम्ही रविवारी जमतो. मैदानाच्या एका टोकाला विंच असते, म्हणजे ट्रकच्या इंजिनावर फिरणारं मोठं रीळ. ते पोलादी दोर भराभर गुंडाळतं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेल्यावर दोर सोडून द्यायचा. पुढे आपण आणि हवा.

हे काम एकट्याचं नाही. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, त्यामुळे कुणालातरी पंखाचं टोक धरून दोन पावलं बरोबर धावावं लागतं. कुणी विंच चालवतो, कुणी झेंडा दाखवतो, कुणी जीपनं दोर ओढून परत आणतो. वर पाच मिनिटं जाण्यासाठी खाली अख्खी सकाळ उन्हात राबायचं. स्वतःचं उड्डाण झालं की गाडीला किक मारून निघून जाणारा माणूस आमच्यात टिकत नाही. त्याला कुणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या रविवारी त्याचा पंख धरायला कुणाचे हात मोकळे नसतात.

मी खराडीला एका कंपनीत नोकरी करते. एकदा मुंढव्याकडून येताना हडपसरच्या सिग्नलला अडकले होते. सगळे हॉर्न वाजवत होते आणि त्या गोंगाटावरून एक पांढरं ग्लायडर आवाज न करता खाली उतरत गेलं. मी स्कूटी तिकडे वळवली. घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "काहून व? तिथं काय ठेवलं हाय? एवढी शिकली, नोकरी लागली, आता वर कायले जातं?"

आईचं चूक नव्हतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावात जिनिंगमध्ये बाबा काट्यावर होते. येणाऱ्या कापसाच्या गाड्या तोलायचं त्यांचं काम. शाळा सुटली की मी तिकडे जायचे आणि काटा रिकामा असला की ते मला त्यावर उभं करायचे. "हे पाह्य, काट्याले समजलंच नाही कोणी चढलं म्हणून," असं म्हणून हसायचे. त्या हसण्यात काय होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. घरी जेवण कमी पडायचं तेव्हा ते सगळ्यांनाच कमी पडायचं.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी भरायला उशीर झाला तर थांबणारे शिक्षक, या सगळ्यांची मी आभारी आहे आणि राहीन. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आमच्यासारख्यांनी आभारी असावं असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांना, आम्ही आणखी काही मागू नये, असंही म्हणायचं असतं.

वर्षभर शिकल्यावर एका रविवारी सरांनी खाली उतरल्यावर हेल्मेटसारखी डोक्यावर घट्ट बसवलेली टोपी काढली आणि म्हणाले, "तू आता एकटी जायला तयार आहेस. वजन किती तुझं?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टीकडे बोट केलं. नाक हलकं राहिलं तर शेपूट खाली जाते, वेग पडतो आणि विमान हातात राहत नाही. हे मी परीक्षेसाठी पाठही केलं होतं. फक्त ते माझ्याबद्दल आहे, असं वाटलं नव्हतं.

मग दीड-दोन महिने मी खाल्लं. केळी, दूध, आईनं पाठवलेले तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. मेडिकलच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर दर आठवड्याला उभी राहायचे. काटा एक किलो वर जायचा आणि परत जागेवर यायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ठणठणीत आहात. बांधाच असा आहे. कशाला त्रास देता स्वतःला?"

आमच्यातले सगळ्यांत जुने सभासद एक निवृत्त प्राध्यापक. पेठेतले. इस्त्रीच्या शर्टात ग्लायडर ढकलतात आणि कुणालाही 'तुम्ही'शिवाय बोलत नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "काय मग, किती झालं?"

"तेवढंच, सर."

"मग माझं ऐका. मागे कुणालातरी बसवून जात जा. हवा तीच, आकाश तेच. एकट्यानंच जायचा हट्ट कशासाठी? निसर्गानं काही मर्यादा घातलेल्या असतात आणि त्या मान्य करण्यात कमीपणा नसतो."

"तुम्ही एकटे गेला होतात ना, सर?"

"मी मर्यादेत बसत होतो."

सगळे हसले. मी हसले नाही. ते वाईट हेतूनं बोलले नव्हते आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मागच्या सीटवर माणूस असला की आपलं काय आणि त्याचं काय, हे कधीच कळत नाही. वळण नीट आलं तर ते मीच घेतलं की मागून कुणी विमान वळवायची काठी हलकेच सरळ केली? शाळेत पहिली आले तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, कुणीतरी म्हणायचंच, की हिला मागून आधार आहे. मला एकदा रिकामी सीट मागे ठेवून वर जायचं होतं. त्या दिवशी मी केळी खाणं सोडलं. अंग माझं होतं आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी भोसरीला वर्कशॉप असलेले आमच्यातले एक काका गव्हाच्या पिठाचं पोतं घेऊन आले. "ताई, हे घ्या. मांडीखाली ठेवा, वरून पट्टा आवळा. झालं की वजन!" पाच-सहा जण लगेच कामाला लागले. कुणी दोरी आणली, कुणी पोत्याला गाठ मारली. मीही त्यांच्यात होते. सर पलीकडून चालत आले, पोत्याकडे बघितलं आणि ते उचलून गवतावर टाकलं.

"वर पोळ्या लाटायच्या आहेत का?"

गाठ मारणाऱ्यानं दोरी हातातून सोडली.

"सैल वस्तू आहे ही. वर चढताना सरकली आणि काठीखाली अडकली तर? हिचं वजन कमी आहे, तुमची अक्कल कमी असायचं काही कारण नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू पण?"

मान खाली न घालता मी म्हणाले, "सर, चुकलं. पण मला उपाय हवाय. नाही म्हणायचं असेल तर विमान मला पेलत नाही म्हणून म्हणा. मी विमानाला पुरत नाही म्हणून नको."

सरांनी खिशातून टॉर्च काढला, गवतावर गुडघे टेकले आणि पुढच्या सीटचा तळ उचलून आत डोकं घातलं. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती. "इकडे ये," ते आतूनच म्हणाले.

मी वाकून बघितलं. सीटच्या पुढच्या बाजूला, तळाशी, धातूची एक उथळ चौकट होती. तिच्यात दोन बोल्ट उभे होते आणि त्यांच्यावर काहीच बसवलेलं नव्हतं. चौकटीत धूळ, वाळलेलं गवत आणि गोळीचा एक जुना कागद.

"वजनाच्या पाट्या बसवायची जागा आहे ही," सर म्हणाले. "हलक्या माणसासाठी. बनवणाऱ्यानंच ठेवलेली. पाट्या आमच्या काळापासून कधी पाहिल्याच नाहीत मी. विसरूनच गेलो होतो."

"का?"

"लागल्याच नाहीत कुणाला."

मी तशीच वाकून उभी राहिले. जागा होती. कुठल्याशा कारखान्यात, कुणीतरी कागदावर हे विमान आखताना माझ्याएवढं माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यानं त्याच्यासाठी दोन बोल्ट ठेवले होते. इतकी वर्षं ते रिकामे राहिले, कारण माझ्यासारखं कुणी या मैदानापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि मला सांगण्यात येत होतं की मर्यादा निसर्गानं घातली आहे.

त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पासंग पाहिजे," ते म्हणाले. काट्याचं एक पारडं हलकं असलं की समतोल साधायला लावतात तो पासंग. "मंग लावा म्हणा. काट्याले पासंग लावला तं काटा खराब नाही होत."

पुढच्या रविवारी मी हे मैदानावर सांगितलं आणि सगळे तोच शब्द वापरू लागले. पासंगासाठी शिसं हवं होतं. टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधायला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात आणि जुने झाले की काढून टाकतात. आमचे लोक जिथं पंक्चर काढायला थांबतील तिथून ते मागून आणायला लागले. कुणी वाघोलीहून डबा भरून आणला, कुणी कात्रजहून. मी हडपसर गाडीतळाजवळच्या एका दुकानात गेले तर मालकानं विचारलं, "मासे पकडता का, मॅडम?" "नाही," मी म्हणाले, "विमान उडवते." त्यानं चेष्टा समजून आणखी मूठभर दिले.

भोसरीच्या काकांनी ते वितळवून दोन पाट्या ओतल्या. पिठाचं पोतं हा आपला डाग आहे, असं ते म्हणायचे, म्हणून त्यांनी कडा कानशीनं घासून आरशासारख्या केल्या. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरनी मापं तपासली, पाट्या बोल्टवर घट्ट बसवल्या, सगळं विमान परत तोललं आणि मगच मान्यता दिली. प्राध्यापक हे सगळं खुर्चीवर बसून बघत होते. "एका व्यक्तीसाठी एवढा खटाटोप," ते म्हणाले.

काका पाना पुसत म्हणाले, "सर, इथं प्रत्येक उड्डाण एकाच व्यक्तीसाठी असतं. बाकीचे आपण दोरच ओढतो."

आमच्यात एक रीत आहे. पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्यानं पंख कुणी धरायचा, ते स्वतः निवडायचं, आणि निवडलेल्यानं नाही म्हणायचं नाही. सगळ्यांना वाटलं, मी काकांना सांगेन. मी प्राध्यापकांपुढे जाऊन उभी राहिले.

"सर, माझा पंख तुम्ही धरा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला का निवडलंत, ते कळतंय मला."

"कळावं म्हणूनच निवडलं, सर."

ते उठले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पंखाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

मी आत बसले. पट्टे आवळले. मागच्या सीटचे पट्टे सरांनी स्वतः रिकाम्या सीटवर बांधून ठेवले होते. सगळ्या तपासण्या मी मोठ्यानं म्हणत केल्या आणि पितळी पट्टीपाशी आले तेव्हा सीटखाली हात घालून पाट्या एकदा हलवून बघितल्या. हलल्या नाहीत. डावीकडे बघितलं. प्राध्यापकांनी पंख सरळ केला होता. झेंडा हलला, दोर ताणला गेला, आणि ते धावले. त्या वयाला जेवढं धावता येतं त्यापेक्षा दोन पावलं जास्तच.

विमान मागच्या वजनाशिवाय झपकन चढलं. वर गेल्यावर दोर सोडला, खट् असा आवाज झाला आणि मग नुसता वारा. खाली कालवा, मागे दिवे घाटाकडचे डोंगर, उत्तरेला खराडीच्या काचा. मी वळण घेतलं. नीट आलं. मागे वळून बघायची काही गरज नव्हती, तरी बघितलं. सीट रिकामी होती. मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "हे माझं होतं." दुसरं वळणही माझं होतं, आणि थोडं वाकडं गेलं ते तिसरंही.

चाक गवताला लागलं तेव्हा एकदा उडी बसली. विमान थांबलं, पंख हळूच एका बाजूला टेकला. पहिल्यांदा पोचले ते प्राध्यापकच. धाप लागली होती.

"उतरताना उडी बसली."

"बसली, सर."

"माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही, सर."

ते पंखाचं टोक उचलून म्हणाले, "मग ढकला आता. पुढच्याचा खोळंबा होतोय."

पुढचा नंबर भोसरीच्या काकांचा होता आणि त्यांना पासंगाची काहीच गरज नव्हती. आम्ही सीटचा तळ उचलून पाट्या काढल्या. हँगरमध्ये कुठं ठेवायच्या, यावर वाद झाला. कुणी म्हणालं, कपाटात ठेवू, हरवायला नकोत.

"कपाटात नाही," मी म्हणाले. "दारात. आत येणाऱ्याला दिसतील अशा."

सरांनी दाराच्या चौकटीवर दोन खिळे ठोकले. पाट्या तिथं लावून मी पंख धरायला परत मैदानात गेले.